पंचवीस रेघा: हृदयशस्त्रक्रियेनंतर घरी गेलेल्या एका बाळाच्या डोसचं प्रकरण

बाळाची आणि कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. औषधं, मात्रा आणि तपासण्यांचे आकडे मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत, कारण सगळं प्रकरण त्या आकड्यांतच आहे.

मुलगी पाच महिन्यांची, वजन बरोबर 5 किलो. गाव नाशिक जिल्ह्याच्या डोंगराळ भागातलं. दूध पिताना बाळाला कपाळावर घाम येतो, दोन-तीन घोट घेतले की दम लागतो, हे पहिल्यांदा आशा ताईंच्या लक्षात आलं. त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवायला लावलं. तिथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे, मग इकोसाठी, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीसाठी, जिल्ह्याच्या ठिकाणी, आणि शेवटी आमच्या रुग्णालयात. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं छिद्र होतं, म्हणजे व्हीएसडी. फुप्फुसांकडे जास्तीचं रक्त जात होतं आणि तिथला दाब वाढलेला होता. शस्त्रक्रियेचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाला. वडील रोजंदारीवर द्राक्षबागेत, आई दहावी शिकलेली. आई दहावी शिकलेली होती, हे पुढे महत्त्वाचं ठरतं.

शस्त्रक्रिया चांगली झाली. छिद्रावर पॅच लावला, शस्त्रक्रियेपुरतं हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या बायपास यंत्रावरचा वेळ दीड तासाच्या आसपास. नंतर मात्र पहिल्याच रात्री ठोके 210 वर गेले. हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या सांध्यापाशी, जिथे टाके घातलेले असतात त्याच्या अगदी शेजारी, विजेची एक आगंतुक लय सुरू होते. तिचं नाव जंक्शनल एक्टॉपिक टॅकिकार्डिया, बोलताना आम्ही नुसतं ‘जेट’ म्हणतो. लहान बाळांच्या व्हीएसडीनंतर हे अधूनमधून होतंच. बाळाचं अंग थंड केलं, ठोके वाढवणारी औषधं कमी केली, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम नीट केलं, आणि लय आवरणारं अमिओडॅरोन सुरू केलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लय आटोक्यात आली.

त्या दोन दिवसांत मूत्रपिंडांनी मार खाल्ला. क्रिएटिनिन हा मूत्रपिंडं रक्तातून गाळून टाकतात तो टाकाऊ पदार्थ; ती मंदावली की तो वाढतो. शस्त्रक्रियेआधी तो 0.3 होता, दुसऱ्या दिवशी 0.9 झाला. प्रयोगशाळेच्या कागदावर त्या 0.9 पुढे धोक्याची खूण नव्हती, कारण छापलेली मर्यादा मोठ्या माणसांची होती. मोठ्या माणसाचं 0.9 आलं तर डॉक्टर पान उलटतात. या मुलीत त्याचा अर्थ तिप्पट वाढ, म्हणजे मूत्रपिंडांचं काम पार मंदावलेलं. लघवी तासाला किलोमागे अर्ध्या मिलीवर आली होती.

तेव्हा मिलरिनोन चालू होतं. हृदयाचं आकुंचन सुधारणारं आणि रक्तवाहिन्या सैल करणारं हे औषध. बालहृदयशस्त्रक्रियेनंतर ते इतक्या सर्रास वापरलं जाण्यामागे 2003 साली प्रसिद्ध झालेला ‘प्रायमाकॉर्प’ हा अभ्यास आहे. जास्त मात्रेत दिलेल्या मिलरिनोनने शस्त्रक्रियेनंतर हृदयाचा पुरवठा कमी पडण्याचा धोका निम्म्याहून जास्त घटतो, असं त्यात दिसलं. पण मिलरिनोन शरीराबाहेर पडतं ते मुख्यतः लघवीवाटे. लघवी थांबली की औषध आत साचत जातं, आणि पंपावरचा आकडा तोच असला तरी रक्तातलं प्रमाण चढत राहतं. रक्तदाब घसरायला लागला की अननुभवी माणूस हृदय कमजोर झालं असं समजून मिलरिनोन वाढवतो. आम्ही ते मिनिटाला किलोमागे 0.5 वरून 0.25 मायक्रोग्रॅमवर आणलं, दाब सावरला.

आणखी एक गोष्ट त्याच दिवसाची. पलंगावरच्या काट्याने बाळाचं वजन 5.6 किलो दाखवलं. रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरने डोस नव्या वजनावर काढायला घेतले होते. ते जास्तीचे 600 ग्रॅम म्हणजे सूज होती, बायपासमध्ये शिरलेलं पाणी. पाच किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून जेमतेम 400 मिली रक्त असतं आणि बायपासच्या नळ्या भरायलाच त्याच्या जवळपास जाणारा द्रव लागतो. असं फुगलेलं वजन धरून औषध दिलं तर ते बहुतेक औषधांसाठी जास्त होतं. आम्ही शस्त्रक्रियेआधीचंच वजन धरतो. त्या रात्री सिस्टरने हाक मारून ते थांबवलं.

हे एवढं सांगण्याचं कारण, अतिदक्षता विभागात आम्ही डोस रोज नव्याने ठरवत होतो. पुस्तकातला ‘किलोमागे इतकं’ हा आकडा फक्त सुरुवातीचा. त्यानंतर लघवी, यकृत, सूज, सोबतची औषधं बघून तो खाली-वर करायचा. आणि प्रत्येक जोखमीचं औषध दोन सिस्टर वेगवेगळं मोजून, एकमेकींचं तपासूनच पंपाला लावतात. इथे आमच्याकडून चूक होत नाही असं नाही, पण चूक पकडणारे हात खूप आहेत.

सातव्या दिवशी क्रिएटिनिन 0.4 वर आलं. इकोत डावा कप्पा अजून सुस्त होता, मधूनच वरच्या कप्प्यातली वेगवान लय डोकावत होती. म्हणून आठव्या दिवशी अमिओडॅरोन तोंडावाटे चालू ठेवून डिगॉक्सिन जोडलं.

डिगॉक्सिन हे हृदयाच्या आकुंचनाला जोर देणारं आणि ठोके आवरणारं फार जुनं औषध, फॉक्सग्लव्ह या झाडापासून आलेलं. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने 1785 साली त्यावर पुस्तक लिहिलं आणि त्यातच जास्त मात्रेने होणारी मळमळ, उलटी, मंदावलेली नाडी नोंदवून ठेवली. उपयोगाचं प्रमाण आणि विषाचं प्रमाण यांत याच्याइतकं कमी अंतर असलेली औषधं बालरोगात थोडीच. पाच महिन्यांच्या बाळाला दिवसाला किलोमागे साधारण 10 मायक्रोग्रॅम द्यावं, दोन भागांत. म्हणजे या मुलीला एका वेळी 25 मायक्रोग्रॅम. लहान मुलांच्या सिरपमध्ये 1 मिलीत 50 मायक्रोग्रॅम असतं, म्हणून एका वेळी 0.5 मिली.

पण सोबत अमिओडॅरोन होतं. आतडी आणि मूत्रपिंडांत डिगॉक्सिनला बाहेर ढकलणारा एक वाहक असतो, अमिओडॅरोन त्याचीच वाट अडवतं. डिगॉक्सिनचं रक्तातलं प्रमाण त्यामुळे जवळजवळ दुपटीपर्यंत जाऊ शकतं. शिवाय अमिओडॅरोन चरबीत जाऊन बसतं. बंद केलं तरी त्याचा असर कित्येक आठवडे रेंगाळतो. म्हणून आम्ही डिगॉक्सिन पहिल्या दिवसापासूनच निम्मं दिलं: एका वेळी 12.5 मायक्रोग्रॅम, म्हणजे 0.25 मिली, सकाळी आठला आणि रात्री आठला. घरी सोडण्याच्या आदल्या दिवशी रक्तातलं प्रमाण तपासलं. मिलीमागे 0.9 नॅनोग्रॅम. हवं तसंच. मला तेव्हा खरोखर समाधान वाटलं होतं.

चौदाव्या दिवशी सुट्टी. सोबत तीन औषधं: डिगॉक्सिनचं सिरप, आणि अमिओडॅरोन व लघवीचं औषध फ्युरोसेमाइड यांच्या आमच्या फार्मसीत बांधलेल्या पुड्या. घरी गेल्यापासून पंधराव्या दिवशी तपासणीला यायचं होतं.

घरी गेल्याच्या तेराव्या दिवशी दुपारी प्राथमिक आरोग्य केंद्रातून फोन आला. बाळ दोन दिवस दूध ओढत नव्हतं, सकाळपासून तीन उलट्या. केंद्रातल्या तरुण डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावून पूर्ण एक मिनिट ठोके मोजले होते. दहा सेकंद मोजून सहाने गुणलं नव्हतं, हे मी मुद्दाम लिहिते आहे. ठोके 72. पाच महिन्यांच्या बाळाचे ठोके 100 च्या खाली गेले तर डिगॉक्सिनचा पुढचा डोस द्यायचा नाही आणि लगेच कळवायचं, हे आम्ही कार्डावर लिहिलं होतं. ते कार्ड आईने केंद्रात नेलं होतं, डॉक्टरांनी ते वाचलं होतं, आणि डोस थांबवून, 108 ची गाडी बोलावून मगच आम्हाला फोन केला होता. या बाळाचा जीव वाचवणाऱ्यांत मी पहिलं नाव त्यांचं घेते.

रात्री बाळ पोहोचलं. हातपाय गार, डोळे खोल, पण रक्तदाब टिकून. ईसीजीत वरचे कप्पे मिनिटाला 144 वेळा चालत होते आणि खालचे 72. दर दुसरा ठोका मधेच अडत होता. पोटॅशियम 3.0, क्रिएटिनिन 0.7.

मग जे झालं ते सविस्तर सांगायला हवं, कारण आमचा विचार तिथेच घसरला. व्हीएसडीच्या शस्त्रक्रियेत टाके ज्या काठाला घालतात, त्याच काठाने हृदयाची विजेची मुख्य वायर जाते. तिला इजा झाली तर हार्ट ब्लॉक होतो, म्हणजे वरच्या कप्प्यांचे ठोके खाली पोहोचत नाहीत. बहुतेकदा तो शस्त्रक्रियेच्या टेबलावर किंवा पहिल्या काही दिवसांत दिसतो, पण उशिरानेही होऊ शकतो. ईसीजी बघताच सगळ्यांच्या डोक्यात तेच आलं. रात्रीच्या निवासी डॉक्टरने कार्ड उघडलं, हिशेब केला आणि म्हणाला, “मॅडम, डिगॉक्सिन तर दिवसाला किलोमागे फक्त 5 मायक्रोग्रॅम चालू आहे. निम्मा डोस. यातून विषबाधा कशी होईल?” आईला विचारलं, डोस किती देता? ती एका क्षणात म्हणाली, “पंचवीस. सकाळी आठ, रात्री आठ.” वॉर्डात शिकवलेलं अगदी तसंच. बरोबर उत्तर मिळालं म्हणून प्रश्न तिथेच संपला.

सर्जन रात्री अकराला येऊन बघून गेले. रात्र कशी काढायची, तात्पुरता पेसमेकर कुठून टाकायचा, आणि तीन-चार दिवसांत लय परतली नाही तर कायमचा पेसमेकर, असं बोलणं चालू झालं. पाच किलोच्या बाळाला कायमचा पेसमेकर म्हणजे पोटाच्या भिंतीत बसवलेली बॅटरी, हृदयाच्या बाहेरून शिवलेल्या तारा, दर काही वर्षांनी नवी शस्त्रक्रिया. आईला हे समजावून सांगायची वेळ माझ्यावर आली होती. ती ऐकत होती आणि बाळाच्या पायावरचा मोजा नीट करत होती.

तरीही डिगॉक्सिन आम्ही बंदच ठेवलं आणि रक्ताचा नमुना पाठवला, शेवटच्या डोसला सहा तासांहून जास्त उलटून गेलेत याची खात्री करून. त्याआधी घेतलेला नमुना फसवा मोठा येतो, कारण औषध अजून रक्तातून ऊतींत उतरलेलं नसतं. ही तपासणी आमच्याकडे रात्री होत नाही. पोटॅशियम हळूहळू भरायला घेतलं. मूत्रपिंडं मंद असताना पोटॅशियम घाईने भरणं हा वेगळाच धोका, म्हणून दर चार तासांनी तपासत. फ्युरोसेमाइड थांबवलं, शिरेवाटे पाणी दिलं. ठोके वाढवणाऱ्या अॅट्रोपिनचा एक डोस दिल्यावर ठोके काही काळ 100 च्या वर गेले आणि पुन्हा उतरले. डिगॉक्सिनला रक्तात बांधून टाकणारं प्रतिपिंडाचं इंजेक्शन असतं. ते आमच्याकडे नव्हतं, आणि रात्रीतून कुठून मिळण्यासारखंही नव्हतं.

सकाळी अकराला आकडा आला. 3.6 नॅनोग्रॅम. सुट्टीच्या आदल्या दिवशीच्या चौपट.

आता पेसमेकरचं बोलणं थांबलं, पण नवा प्रश्न उभा राहिला. निम्म्या डोसवर 3.6 कसं? कुणी म्हणालं सिरपची बाटली सदोष असेल. कुणी म्हणालं घरातल्या दुसऱ्या कुणी, आजीने वगैरे, चुकून दुसऱ्यांदा दिलं असेल. आईने दोन्ही वेळा मान हलवली. औषध फक्त तीच द्यायची. सकाळी उलटी झाल्यावर तिने डोस पुन्हा दिला नव्हता, कारण “तुम्ही सांगितलं होतं, उलटी झाली तर परत द्यायचं नाही.”

हे उकललं ते आमच्या वॉर्डच्या एका ज्येष्ठ सिस्टरनी. त्यांनी काहीही विचारलं नाही. बाळाच्या पलंगापाशी स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, “ताई, तू घरी भरतेस ना, तसं मला भरून दाखव.”

आईने पिशवीतून प्लास्टिकचा एक स्वच्छ डबा काढला. आत सिरपची बाटली, धुऊन वाळवलेली एक सिरिंज आणि पांढऱ्या फडक्याचा चौकोनी तुकडा. तिने हात धुतले. बाटली न हलवता उघडली, सिरिंजचं तोंड आत धरलं, दट्ट्या सावकाश ओढला. एक बुडबुडा आला तो टिचकी मारून वर आणला, बाहेर काढला, पुन्हा ओढला. डोळ्यांच्या रेषेत धरून आकड्याशी जुळवलं. बरोबर 25. मी तिथे उभी होते. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांपेक्षा तिचा हात स्थिर होता.

सिस्टरनी सिरिंज हातात घेतली आणि टोपी मागितली. टोपी लाल होती.

वॉर्डात आम्ही तिला 1 मिलीच्या ट्यूबरक्युलिन सिरिंजवर शिकवलं होतं. तिच्यावर 1 मिलीचे शंभर भाग असतात, एक बारीक रेघ म्हणजे 0.01 मिली. 0.25 मिली म्हणजे पंचवीस रेघा. दशांश चिन्ह समजायला अवघड जातं, रेघा मोजणं सोपं, म्हणून सुट्टीच्या दिवशी तिला ‘पंचवीस रेघा’ असं शिकवलं गेलं. घरी गेल्यावर चौथ्या दिवशी ती सिरिंज फुटली. वडील तालुक्याच्या मेडिकलमध्ये गेले आणि ‘एक एमएलची बारीक सिरिंज’ मागितली. दुकानदाराने दिली. तीही 1 मिलीचीच होती, तेवढीच बारीक, तेवढीच लांब. फक्त ती इन्सुलिनची होती, 40 युनिटची. तिच्यावर 1 मिलीचे चाळीस भाग असतात. आपल्याकडे 40 युनिटच्या इन्सुलिन सिरिंजला लाल टोपी असते आणि 100 युनिटच्या सिरिंजला नारिंगी. दुकानात आणि घरात हा फरक सहज कुणाच्या लक्षात येत नाही. त्या सिरिंजवर पंचवीस म्हणजे 0.25 मिली नव्हे, 0.625 मिली. अडीचपट.

सिस्टरनी लाल टोपीच्या सिरिंजमधलं औषध एका छोट्या वाटीत सोडलं आणि आमच्या सिरिंजने उचललं. दट्ट्या 0.6 च्या पुढे जाऊन थांबला. मग बाटलीतलं उरलेलं सिरपही मोजलं. 30 मिलीच्या बाटलीतून तेरा दिवसांत साडेसहा मिली जायला हवं होतं. गेलं होतं त्याच्या दुप्पट, तेरा मिलीच्या वर. पहिले चार दिवस बरोबर, पुढचे नऊ दिवस अडीचपट. हिशेब जुळला.

आईचा चेहरा पांढराफटक पडला. “म्हणजे मीच?” एवढंच म्हणाली. मी तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते, कारण मला ते आजही तितकंच खरं वाटतं. तिने आमचा शब्द न शब्द पाळला. आम्ही तिला औषधाचं माप शिकवलं नाही, एका विशिष्ट सिरिंजवरची खूण शिकवली. ती सिरिंज बदलली तेव्हा आमची खूण खोटी ठरली, आणि हे तिला कळायला काही मार्गच नव्हता. कार्डावर 0.25 मिली असं छापलेलं होतं. पण तोंडी सांगितलेलं आणि हात धरून शिकवलेलं नेहमी छापलेल्यावर मात करतं. ती वाचू शकत नव्हती म्हणून हे झालं असं कुणी म्हणू नये. दहावी शिकलेली, आकडे नीट वाचणारी बाई होती, म्हणूनच तिने 25 हा आकडा इतका काटेकोर पाळला.

पण या प्रकरणात मला जास्त विचार करायला लावणारी गोष्ट दुसरी आहे. 0.625 मिलीचा डोस दिवसातून दोनदा, म्हणजे दिवसाला 62.5 मायक्रोग्रॅम, किलोमागे 12.5. हा डोस बालरोगाच्या काही पुस्तकांत या वयाच्या मर्यादेत बसतो. अमिओडॅरोन नसतं आणि मूत्रपिंडं ठणठणीत असती, तर कदाचित बाळाने तो निभावूनही नेला असता आणि आम्हाला कधी कळलंही नसतं. म्हणजे ‘किलोमागे किती’ एवढंच बघणाऱ्याला यात विष दिसलंच नसतं. आमच्या निवासी डॉक्टरला चुकीचा डोस सांगितला असता तरी त्याचं उत्तर बहुधा तेच आलं असतं: डोस ठीक आहे.

आणि 0.9 ची अडीचपट होते 2.25. मग 3.6 कुठून आलं? इथे एक चक्र दिसतं. सिरिंज बदलल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत डिगॉक्सिन वाढलं तशी बाळाची भूक गेली, मळमळ सुरू झाली. दूध कमी झालं, पण फ्युरोसेमाइड तेवढंच चालू राहिलं. अंगातलं पाणी आटलं, पोटॅशियम घसरलं. पाणी आटल्यावर नुकतीच सावरलेली मूत्रपिंडं पुन्हा मंदावली, क्रिएटिनिन 0.4 वरून 0.7 वर गेलं. डिगॉक्सिन बाहेर पडायचं थांबलं, आणखी साचलं. हृदयाच्या पेशीवर डिगॉक्सिन आणि पोटॅशियम एकाच जागेसाठी भांडतात, त्यामुळे पोटॅशियम कमी असताना तेच प्रमाण जास्त घातक ठरतं. मग उलट्या सुरू झाल्या आणि पाणी अजून कमी झालं. सुरुवात सिरिंजने केली, पण बाळाला इथपर्यंत आणलं ते फ्युरोसेमाइडने आणि आम्ही न केलेल्या तपासणीने. घरी गेल्यावर पहिल्या आठवड्यात एकदा पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासलं असतं, तर भूक कमी झाली त्याच दिवसांत हे सापडलं असतं. पंधरा दिवसांनी बोलावणं आमच्या सोयीचं होतं. त्या बाळासाठी ते उशिराचं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मधूनमधून सगळे ठोके खाली पोहोचू लागले. तिसऱ्या दिवशी पहाटे लय पूर्ण सरळ झाली, ठोके 128. पोटॅशियम 4.2. त्या दिवशीचं डिगॉक्सिनचं प्रमाण 1.5. सकाळी सहाच्या सुमारास बाळाने पहिल्यांदा न थांबता दूध ओढलं आणि नंतर भुकेने मोठ्याने रडलं. आई म्हणाली, चार दिवसांपासून हिला रडताना ऐकलं नव्हतं.

इको पुन्हा केली. डावा कप्पा आता चांगला चालत होता. डिगॉक्सिन बंदच ठेवलं. आणि इथे आमची आणखी एक उणीव उघडी पडली. सुट्टीच्या कार्डावर डिगॉक्सिन सुरू केल्याची तारीख होती, कशासाठी ते होतं, किती ते होतं. पण कधी थांबवायचं हे नव्हतं. शस्त्रक्रियेनंतरच्या मुलांना किती औषधं केवळ कुणी बंद करायला सांगितलं नाही म्हणून महिनोन्‌महिने चालू असतात, हे बाह्यरुग्ण विभागात बसणाऱ्या कुणालाही माहीत आहे. त्यातलं प्रत्येक औषध दुसऱ्या प्रत्येक औषधाचा डोस बदलून ठेवत असतं.

आमच्याकडे या मुलीनंतर काही गोष्टी बदलल्या. रेघा हा शब्द वॉर्डातून गेला. डोस मिलीग्रॅम किंवा मायक्रोग्रॅममध्ये आणि शेजारी मिलीमध्ये लिहितो, मराठीत पूर्ण शब्दांत, ‘पाव मिली’ असंही. दशांशाआधीचं शून्य कधी सोडत नाही आणि पूर्णांकानंतर शून्य लावत नाही. .5 चं 5 आणि 5.0 चं 50 वाचलं जातं, आणि डिगॉक्सिनमध्ये एका शून्याने जीव जातो. अशा प्रकरणांनी जगभरची बालरुग्णालयं पोळलेली आहेत. सिरिंज आता बाळासोबतच जाते: एकाच प्रकारच्या सहा सिरिंज, प्रत्येकीवर हव्या त्या मापाशी रंगीत चिकटपट्टीची कड. फुटली तर दुकानातून आणायची नाही, आम्हाला फोन करायचा, आम्ही आशा ताईंकडे पोहोचवतो. यावर फार मोठा खर्च येत नाही. तोंडाने औषध द्यायच्या वेगळ्या सिरिंज, ज्यांना सुई बसतच नाही, त्या प्रत्येक तालुक्याच्या दुकानात मिळाव्यात असं मला मनापासून वाटतं. पण तोवर हेच.

शिकवण्याची पद्धत बदलायला मात्र वेळ लागला. ‘समजलं ना, ताई?’ या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर आहे, ‘हो मॅडम.’ आता सिस्टर विचारत नाहीत, “भरून दाखवा” म्हणतात. सुट्टीच्या आधीचे दोन दिवस डोस आईच देते, सिस्टर फक्त बघतात. रात्रीचा डोस मुद्दाम वॉर्डातले दिवे मंद करून, कारण घरी तो मोबाइलच्या उजेडात भरला जाणार असतो. सुरुवातीला काही सहकाऱ्यांना हे फाजील वाटलं. तिसऱ्या आठवड्यात एका आजोबांनी 0.4 ऐवजी 0.04 मिली भरून दाखवलं, तेव्हापासून कुणी काही म्हणत नाही. घरी गेल्यावर चौथ्या दिवशी आम्ही फोन करतो, शक्य असेल तर व्हिडिओवर, आणि सिरिंज कॅमेऱ्यासमोर धरायला सांगतो. पोटॅशियम आणि क्रिएटिनिनचा नमुना सातव्या दिवशी, जवळच्या ग्रामीण रुग्णालयात.

या मुलीला दुसऱ्यांदा सुट्टी दिली तेव्हा अमिओडॅरोनच्या पुड्या आणि निम्म्यावर आणलेलं फ्युरोसेमाइड एवढंच होतं, दोन्ही पुड्यांत, मोजायचं काहीच नाही. तरीही आईने सिस्टरकडून एक ट्यूबरक्युलिन सिरिंज मागून घेतली, लाल टोपीची शेजारी धरली आणि दोन्हींवरच्या रेघा मोजल्या. शंभर आणि चाळीस. मग लाल टोपीची सिस्टरच्या हातात दिली. ती सिरिंज आता आमच्या शिकवायच्या पेटीत आहे.

तीन महिन्यांनी ती आली. वजन 6.4 किलो. चोवीस तासांच्या ईसीजीत एकही ठोका अडलेला नव्हता, वेगवान लयही नव्हती. अमिओडॅरोनमुळे बिघडू शकणारी थायरॉइडची तपासणी ठीक होती. अमिओडॅरोन बंद केलं. फ्युरोसेमाइड त्याआधीच थांबलं होतं. आईने कार्ड पुढे केलं आणि म्हणाली, “मॅडम, इथे बंद म्हणून लिहा. तारीख पण घाला.” मी लिहिलं.